मॅडम, मी पीएचडीला जात नाहीये

ज्यांनी आपल्या पीएचडीच्या अर्जांसाठी रेकमेंडेशन लेटर (शिफारसपत्रं) लिहिलीत त्यांना प्लॅन बदललाय हे मेलवर कळवायचं की समोर जाऊन सांगायचं, यावर आमच्या ग्रुपवर रात्रभर काथ्याकूट झाला आणि बहुमत अर्थातच मेलला. मला काही ते पटेना. लेटर म्हणजे एकच पीडीएफ सगळीकडे चिकटवली असं नसतं हो, प्रत्येक युनिव्हर्सिटी वेगळी लिंक पाठवते, मग हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत बसतो का १० असले रकाने भरा, आणि हे सगळं डिसेंबरात, ऐन पेपर तपासायच्या दिवसांत. माझी लेटर लिहिणाऱ्या मॅडमनी ते मला एकदाही आठवण करायला न लावता केलं. त्यांना चार ओळींची मेल टाकून मोकळं व्हायचं?

बदललं काय, तर अमेरिकेत रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीत (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास) पीएचडी करायची होती, ऑफरही आली होती, आता बी.एड. करतेय. (हो, बी.एड. ‘एवढं शिकून?’ हे ऐकून झालंय.) फेब्रुवारीत विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीवर, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर, व्हॉलंटियर होते, तिथे आसपासच्या शाळांची पोरं येतात. तिथली ४५ मीटर व्यासाची डिश बघून सातवीतल्या एकीने विचारलं, ताई, ही तर नुसती जाळी आहे, भोकांतून सगळं निसटत नाही का? मग तिला सांगितलं की इथे पकडतात त्या रेडिओ लहरींची लांबी वीसेक सेंटीमीटरपासून पार दोन मीटरपर्यंत असते, आणि भोकं एक-दोन सेंटीमीटरची, त्यामुळे त्या लहरींना ती जाळी भिंतीसारखीच, वारा मात्र आरपार जातो आणि डिश हलकी राहते. पुढचा तासभर तिने सोडलं नाही मला. विचार आधीपासून डोक्यात होताच, पण परतताना नारायणगावच्या स्टँडवर मी बी.एड.च्या सीईटीची माहिती शोधत बसले होते, पीएचडीची नाही.

तर गेले विद्यापीठात औंध रोडच्या गेटने आत, मॅडमच्या डिपार्टमेंटला. वाटेत तयार केलेलं भाषण विसरले आणि सरळ म्हटलं, मॅडम, मी पीएचडीला जात नाहीये, बी.एड. करतेय.

“नक्की?”

“हो.”

“तिकडे कळवलंस?”

नव्हतं कळवलं. म्हटलं, आधी तुम्हाला सांगायचं होतं. त्यावर मॅडम म्हणाल्या ते कौतुक बाजूला ठेव, फंडिंगवाल्या ऑफरला उत्तर द्यायची तारीख १५ एप्रिल, बहुतेक युनिव्हर्सिट्या ती पाळतात, तू जागा अडवून बसलीस तर वेटलिस्टवरचं पोर कुठेतरी ताटकळत बसणार. आणि पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कुणासाठी लिहिलं तर वाचणारी माणसं तीच असतात, त्यांना हे आठवणार. हे दुसरं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कारण मात्र त्यांनी खोदून विचारलं नाही. मीच सांगायला लागले तर म्हणाल्या, पुढेमागे परत पीएचडी करावीशी वाटली तर वेळेवर सांग, हे लेटर तेव्हा चालणार नाही, नवीन लिहावं लागेल. मग कॅन्टीनमध्ये बसून पोर्टलवर नकार टाकला आणि तिकडच्या प्रोफेसरना वेगळी मेल केली.