बर्फात उभी केलेली घोडी

डिसेंबर होता. दिग्रसकडच्या आमच्या भागात तूर कापणीला आलेली, रात्री चांगलंच हिव पडत होतं. सकाळी सातला फोन वाजला.

"डॉक्टरसाहेब, घोडी चालूनच नाही राह्यली. हिवानं अंग धरलं वाटते."

मी अंथरुणातूनच सांगितलं, कोमट पाणी पाजा, पाय शेका, जरा फिरवा. आमच्या दवाखान्यात रोज गाई-बैल-बकऱ्यांची रांग असते, घोडा वर्षातून चार-पाचदा. ही सबब नाही, पण आहे ते असं आहे.

साडेदहाला परत फोन. घोडी घामानं ओलीचिंब झाली होती. डिसेंबरात, सावलीत उभ्या जनावराला घाम! गाडीला किक मारली.

चांदणीला बघताक्षणी मी फोनवर काय बोलून बसलो ते कळलं. पुढचे दोन्ही पाय लांब टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर. तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी पुढचे पाय आळीपाळीनं उचलत होती. एक पोरगा लगाम ओढतोय, दुसरा मागून ढकलतोय, तेही माझ्याच सांगण्यावरून. आधी ते थांबवलं. खुरं हाताला गरम लागली. घोट्यामागची नाडी निरोगी घोड्यात शोधावी लागते. इथं ती बोटाखाली ठणठण उडत होती. काळजाचे ठोके मिनिटाला 72. एरवी ते 28 ते 44 असतात.

"परवा लग्नात होती का?"

होती. नवरदेव मारुतीच्या देवळात जाऊन येईतो बायकांनी कौतुकानं भिजलेली हरभऱ्याची डाळ चारली. ते ठीक. पण रात्री घोडी मांडवामागे बांधली ती नेमकी डाळीच्या पोत्याजवळ. मालकाचा पोरगा खाली बघत म्हणाला, "चार-पाच किलो गेली असन." लिदीत डाळ जशीच्या तशी होती, वर आंबूस वास.

"चण्यानं घोडं बिघडते काय साहेब? चणा तं घोड्याचाच खाना हाय."

खरंय. पण तिची रोजची चंदी दोन किलोची, तीही दोन वेळा तोबऱ्यातून. घोड्याला ओकता येत नाही आणि पोट अंगाच्या मानानं लहान. जास्तीचं धान्य न पचताच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथं आंबतं, आणि त्याचं विष रक्तातून पायांपर्यंत पोचतं. खुराच्या आतलं हाड पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं. ते पापुद्रे सुजतात, आणि बाहेरचं कवच तर कडक. सूज जाणार कुठं? अशा पायांवर सकाळपासून आम्ही तिला चालवत होतो.

नाकातून नळी घालून पॅराफिन सोडलं, शिरेत सुजेचं इंजेक्शन दिलं आणि बर्फ मागवला. तेव्हा मालकाची आई पुढे आली.

"बाप्पा! एवढ्या हिवात घोडीचे पाय बर्फात? मुक्या जनावराले मारता काय?"

बर्फ बाजारातल्या मासेवाल्याकडून आला. ढेपेची रिकामी पोती पुढच्या पायांना मोज्यासारखी चढवून त्यात चुरा भरला. पाणी गळत होतं, पोरं भरत होती. दोन दिवस, दोन रात्री. पाठीवर झूल, प्यायला कोमट पाणी आणि पायाला बर्फ. पायांखाली नाल्यातली वाळू घातली, धान्य पूर्ण बंद, नुसतं वाळलं गवत. कोमट पाण्यावर मी हटूनच बसलो होतो. हिवाळ्यात गार पाणी घोडं कमी पितं, आणि सुकं गवत पोटात अडकलं की दुसरंच दुखणं उभं राहतं.

दोष एकट्या डाळीचाही नव्हता. नाल पोळ्यापासून बदलली नव्हती, खुरांची टोकं पुढे वाढलेली. ती सहा ते आठ आठवड्यांनी छाटायला हवीत, कारण लांब टोक प्रत्येक पावलाला त्याच सुजल्या पापुद्र्यांना ओढतं. पण गावातला नालबंद बैलांचा, दुभंग खुराला दोन पत्र्या ठोकणारा. घोड्याचा माणूस बाहेरून येतो, म्हणून "या महिन्यात नाही, पुढच्या" होत राहतं.

तिसऱ्या दिवशी नाडी मऊ लागली. चौथ्या दिवशी चांदणी वाळूत आडवी झाली नि निवांत झोपली. मालकानं पाच लग्नांचा इसार परत केला, त्याबद्दल मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

अखाजीच्या सुमारास त्या वाटेनं गेलो. खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. डिसेंबरातल्या सुजेचं वळं आता निम्म्यावर उतरलं होतं. पोरगा खरारा करत होता. आजी ओट्यावर बसली होती.

"डॉक्टर, पहिले तं शेका म्हणलं होतं ना तुमीच?"

"हो आजी. मीच."

"हं," ती म्हणाली, आणि आत चहाची हाक दिली.