हेल्पर पक्ष्यांना टेन्शन असतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारतात, ट्रेनमध्ये विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या तोंडात नळी असताना: "ते सातभाईसारखे पक्षी, त्यांच्यात थोरला दाबतो म्हणून बाकीचे अंडी घालत नाहीत ना? स्ट्रेस हार्मोन वाढतं ना त्यांचं?"

नाही हो. म्हणजे, इतकं सरळ नाही. मी दोन सीझन फ्लोरिडात 'स्क्रब जे' नावाचे पक्षी पकडले, रक्त तपासायला. तिथे एकच जोडी अंडी घालते, आधीची मोठी झालेली पोरं, म्हणजेच हेल्पर, घरीच राहून धाकट्यांना भरवतात, पहारा देतात, कारण बहुतेक वेळा बाहेर जागाच मिळत नाही. मुंबईत फ्लॅट परवडेना म्हणून आईबापाकडे राहणाऱ्याला दबलेला म्हणता का? (काही जण म्हणतात, माहितीय.) १९९१ मध्येच स्टीफन शोक हे संशोधक आणि मंडळींनी याच पक्ष्यांचं रक्त तपासून सांगितलेलं, हेल्परांचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे तेच स्ट्रेस हार्मोन, अंडी घालणाऱ्या जोडीपेक्षा जास्त नसतं. हे वाचूनही मी गेलो तो दबलेला धाकटा शोधायलाच. मी घरात धाकटा, आता काय सांगू.

हा पक्षी शेंगदाण्यासाठी हातावर येतो. एका हेल्परला तसाच बोलावला, दाणा पिंजऱ्यात टाकला, दार पडलं, स्टॉपवॉच सुरू. तीन मिनिटांत पंखाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, त्यापुढे पकडल्याचंच टेन्शन रक्तात दिसायला लागतं. सुई लावली, एक थेंब आला आणि थांबला. परत टोचलं. बोटाखाली त्याची धडधड लागत होती आणि माझा हात कापत होता. बारीक नळी भरली तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झालेले. शीटवर मी लिहिलं २:५०. जास्त आकडा आला असता ना, मला हवा तसा! रात्रभर झोप नाही. सकाळी सरांना सांगितलं, त्यांनी ते सॅम्पल बाद केलं आणि एक शब्द बोलले नाहीत. तो पक्षी सीझनभर बाकीच्यांच्या हातावर यायचा. माझ्या नाही.

मग हेल्पर मजेत असतात? तेही नाही म्हणवत. केनियातल्या सुपर्ब स्टार्लिंग या पक्ष्यांवर रुबेनस्टाइनचं २००७ चं काम आहे, पाऊस कमी झाला की थव्यात खालचा मान असलेल्या पक्ष्यांचं हे हार्मोन वरच्यांपेक्षा जास्त चढतं. तेव्हाचा मी म्हणाला असता, बघ, सांगत नव्हतो? अरे पण तिथे थोरला दाबतोय की पाऊस पडत नाहीये? आणि खायलाच कमी असताना आधी कोण खाणार हे थोरला ठरवत असेल, तर?

डॉक्टरांना यातलं काहीच सांगता आलं नाही. नुसती मान हलवली. त्यांनी ती 'हो' धरली.