आरसेमहालातून लांसच्या खाणींपर्यंत

व्हर्सायच्या आरसेमहालात सगळे वर बघत चालतात. ७३ मीटर लांबीचं दालन, ३५७ आरसे, छतावर चौदाव्या लुईचे पराक्रम. मी मात्र जमिनीकडे पाहत रेंगाळलो. २८ जून १९१९ला इथेच टेबल मांडून जर्मनीच्या दोन मंत्र्यांकडून, हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल यांच्याकडून, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर सह्या घेतल्या गेल्या. जागाही तीच, जिथे १८ जानेवारी १८७१ला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात हरलेल्या फ्रान्सला ५०० कोटी फ्रँक मोजावे लागले होते. तो रोकडा आणि तो अपमान, दोन्ही या आरशांनी जपून ठेवले असावेत.

जर्मनीवर युद्धाची भरपाई लादणारा तह अन्यायकारक होता म्हणून हिटलर आला, एवढंच शाळेपासून डोक्यात बसलेलं. दुसऱ्या दिवशी पॅरिसहून उत्तरेला लांसला गेलो आणि त्या वाक्याला तडा गेला.

लांसचं स्टेशन वाफेच्या इंजिनाच्या आकाराचं आहे; घड्याळाचा मनोरा म्हणजे त्याचं धुरांडं. ते १९२६-२७मध्ये बांधलं, कारण जुनं गाव युद्धात जवळजवळ सपाट झालं होतं. जर्मन सैन्याने इथल्या कोळशाच्या खाणी पाण्याने भरून निकामी केल्या होत्या. शेजारच्या लोस-आं-गोएलच्या खाणमातीच्या जुळ्या टेकड्यांकडे बघताना कळतं की इथे कोळसा म्हणजे पोटापाण्याचा एकमेव आधार होता. म्हणून तहात जर्मनीच्या सार खोऱ्यातल्या खाणी १५ वर्षांसाठी फ्रान्सला दिल्या. त्यातच फ्रान्सच्या डोक्यावर अमेरिका आणि ब्रिटनचं कर्ज. भरपाई मागणाऱ्याची गरज खरी होती, हे मला इथे येईपर्यंत नीट उमगलं नव्हतं.

पण वसुलीची रीत? १९२१मध्ये जर्मनीने द्यायच्या भरपाईचा आकडा ठरला १३,२०० कोटी सुवर्ण मार्क, म्हणजे सोन्याच्या भावाने मोजलेले मार्क. त्यातले ८,२०० कोटी अशा रोख्यांत होते की ते कधी मिळतील यावर घेणाऱ्यांचाही विश्वास नव्हता. तो फुगवलेला आकडा फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांना दाखवण्यासाठी होता, आणि जर्मनीत तोच द्वेषाचं खतपाणी ठरला. मला या सगळ्यात सर्वांत मोठी चूक हीच वाटते. भरपाईपोटी द्यायचा कोळसा आणि लाकूड ठरल्याप्रमाणे येईना, तेव्हा जानेवारी १९२३मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर या जर्मनीच्या औद्योगिक भागात घुसल्या. तिथल्या कामगारांनी काम थांबवलं, त्यांचे पगार जर्मन सरकारने नोटा छापून भागवले, आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आयुष्यभराची बचत एका पावाच्याही किमतीची उरली नाही. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१०ला फेडला.

लांसच्या उत्तरेला न्यूव्ह शापेल आहे. मार्च १९१५मध्ये हिंदी पलटणी इथे लढल्या. शेताच्या कडेला गोलाकार भिंत, मध्ये कमळ कोरलेला उंच स्तंभ आणि दगडात ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावं. यांतल्या कुणाचीच कबर माहीत नाही.

व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेही सह्या आहेत, ब्रिटनचे भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. राष्ट्रसंघाचं संस्थापक सदस्यत्वही त्यातूनच मिळालं. ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड 'भेट' म्हणून दिलेल्या या देशात शांतता परिषद चालू असतानाच रौलट कायदा आला. जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या, त्या सहीच्या अवघे ७६ दिवस आधी. ज्यांच्या नावाने सही झाली, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

नावं पलटणीनुसार कोरलेली आहेत. एकेक वाचत पुढे सरकत होतो. अंधारून आलं, तेव्हा निम्मी भिंतही झाली नव्हती.