तिकीट नसलेला गड

वेल्स फिरून आलेल्यांच्या फोटोंत चार किल्ले हमखास असतात: कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख आणि बोमारिस. चारही देखणे, 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण ते बांधले इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने, जिंकलेल्या वेल्श मुलखावर वचक बसवायला. खुद्द वेल्श राजांचे गड पाहायचे तर आडवाट धरावी लागते. त्यातला माझा आवडता म्हणजे कॅस्टेल अ बेरे.

डसन्नी नदीच्या खोऱ्यात, कादर इद्रिस डोंगराच्या पायथ्याशी लानविहँगल-अ-पेनान्त नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते एक जुनं चर्च, विखुरलेली शेतघरं आणि माणसांपेक्षा कितीतरी जास्त मेंढ्या. त्याच्या जवळच एका लांबट कातळावर गडाचे अवशेष पसरलेत. चढ अगदी किरकोळ. सह्याद्रीत दमछाक करून घेतलेल्या माणसाला तर हसूच येईल. वर पोचलं की मात्र लक्षात येतं, जागा हेरणाऱ्याची नजर पक्की होती. खोरं दोन्ही अंगांनी उघडं दिसतं, येणारा-जाणारा लपूच शकत नाही.

थोरला लुवेलिन या वेल्श राजाने 1221 मध्ये हा गड बांधायला घेतला. त्याच साली त्याने हा मुलूख स्वतःच्या मुलाकडून, ग्रुफुदकडून, काढून घेतला होता. म्हणजे घरातलं भांडणही या दगडांत आहे! तटबंदी सरळ रेषेत नाही. कातळ वळेल तशी तीही वळते. टोकांचे बुरूज बाहेरून गोलाकार आणि मागून सपाट, ही वेल्श बांधणीची खूण. दाराशी खडक फोडून केलेला खंदक, आत विहीर. भिंती आता कुठे पुरुषभर, कुठे गुडघाभर उरल्यात. तरी कुठे काय असेल हे फिरता फिरता उलगडत जातं, आणि माझा सगळा वेळ त्यातच गेला.

1282 च्या डिसेंबरात लुवेलिनचा त्याच नावाचा नातू लढाईत मारला गेला. मग त्याचा भाऊ दाव्हिद लढत राहिला. हाच दाव्हिद काही वर्षांपूर्वी भावाविरुद्ध एडवर्डला जाऊन मिळाला होता! बेरेला वेढा पडला तेव्हा तो निसटला, आणि 25 एप्रिल 1283 ला शिबंदीने गड खाली केला. त्याबद्दल 80 पौंड देण्याचं ठरल्याची नोंद आहे. दाव्हिदला त्याच वर्षी पकडून श्रूजबरीत हालहाल करून मारलं. एडवर्डने गडाशेजारी नगर वसवायचा घाट घातला, पण 1294 च्या वेल्श उठावानंतर तेही बारगळलं आणि गड ओस पडला.

वेल्सचं पुरातत्त्व खातं, कादू, आता त्याची निगा राखतं. तिकीट नाही, पहारेकरी नाही, आठवणवस्तूंचं दुकानही नाही. कॉन्वीला तिकीट काढून जेत्याचा किल्ला बघायचा आणि इथे जितांचा गड फुकट, हा हिशेब मला थोडा बोचला. पण इथे रांग लागावी असंही वाटत नाही.

गावाची खरी ख्याती वेगळीच आहे. 1800 मध्ये इथली मेरी जोन्स ही विणकराची पंधरा वर्षांची मुलगी वेल्श भाषेतलं बायबल विकत घ्यायला अनवाणी बाला नावाच्या गावापर्यंत चालत गेली, साधारण 40 किलोमीटर. तिच्या घराच्या पडक्या भिंतींत स्मारक उभारलंय. बायबल छापून जगभर पोचवणारी संस्था 1804 मध्ये लंडनला निघाली, तिच्यामागे हीच गोष्ट असल्याचं सांगतात.

खोऱ्यात खाली उतरताना क्रेग अर अडेरिनचा सुळका चुकवू नका. समुद्र इथून दहाएक किलोमीटर लांब, तरी पाणकावळे कड्यावर घरटी करतात. कधीकाळी समुद्र इथपर्यंत होता म्हणे. पाणी हटलं, पक्ष्यांनी पत्ता बदलला नाही. जायचं तर टावन गावाहून टालिलिनची छोटी वाफेची आगगाडी पकडा. स्वयंसेवकांनी 1951 मध्ये चालवायला घेतलेली, जगातली अशी पहिलीच. आबरगनोल्विनला उतरून पुढे चालत. डबा मात्र सोबत हवाच, गावात चहासुद्धा मिळत नाही.