सकाळचा पहिला सेल्फ

जवळजवळ वर्षभर मी ट्रॅक्टर उतारावर लावत होतो. संध्याकाळी काम आटोपलं की शेड ओलांडून पुढे जायचं, रस्ता जिथे खाली उतरतो तिथे उभा करायचा आणि चाकाला दगड लावायचा. सकाळी दगड काढायचा, वरच्या गिअरला टाकून क्लच सोडायचा, की धडधडत चालू. सेल्फवर, म्हणजे चावीने फिरणाऱ्या स्टार्टर मोटरवर, तो सकाळी कधीच धड चालू व्हायचा नाही. मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. मग एका सकाळी दगड काढला, गाडा उतार संपेपर्यंत घरंगळत गेला आणि चालू झालाच नाही. पुढे सगळं सपाट.

तोवर निदानं भरपूर जमा झाली होती. कुणी म्हणालं डिझेल फवारणारे पंप-नोझल गेले. बघायला आलेल्या मेकॅनिकने दोनदा सेल्फ मारला, मान हलवली आणि म्हणाला, "अहो, रिंगा संपल्यात. इंजिन बांधायलाच काढा." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, सिलिंडरमधला दाब धरून ठेवणारी. मला ते पटेना. एकदा चालू झाला की दिवसभर ओढायला कुठे कमी पडत नव्हता, ऑइल जळाल्याचा निळा धूर नव्हता, ऑइल वरचेवर टाकावं लागत नव्हतं. दुपारी बंद करून तासाभराने चावी फिरवली की अर्ध्या फेऱ्यात चालू. हा शेवटचा पुरावा कच्चा आहे हे मला माहीत होतं, कारण गरम इंजिन कमी कॉम्प्रेशनवरही (कमी दाबावरही) उठतं. पण इंजिन खोलण्याआधी खोलल्याशिवाय जे तपासता येतं ते तरी तपासू, असं ठरवलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पटीने दाबतो, ती 500 अंशांच्या पुढे तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून उडालेलं डिझेल तिच्यात पेट घेतं. म्हणजे दाब हवा, वेळेवर फवारा हवा, आणि हे सगळं झपाट्याने व्हायला हवं. तिसरी गोष्ट लोक विसरतात, मीही विसरलो होतो. सेल्फने इंजिन सावकाश फिरवलं तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटायला वेळ मिळतो, आणि तिची उष्णता थंड सिलिंडर शोषून घेतो. चांगल्या रिंगांचं इंजिनही मग झिजलेल्या इंजिनासारखं वागतं. नुसतं ऐकून दोन्हींतला फरक ओळखणं अवघड आहे, त्यामुळे त्या मेकॅनिकलाही मी फार दोष देत नाही.

आधी लाजिरवाणी कारणं तपासली. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण मागे जाते का, टाकीत डिझेल आहे का, एअर क्लीनर तुंबलाय का. सगळं ठीक. मग मुलीला सायलेन्सरकडे बघत लांब उभं केलं आणि सेल्फ मारला.

"बाबा, काहीच येत नाहीये."

"पांढरासुद्धा नाही?"

"नाही... थांबा, आता येतोय थोडा. पांढरा."

या दोन वाक्यांनी मला वर्षभरातल्या सगळ्या निदानांपेक्षा जास्त सांगितलं. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचलेलंच नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचलंय, पण न जळता वाफ होऊन बाहेर पडतंय. आमच्या ट्रॅक्टरला आधी एक आणि मग दुसरं, असं दोन्ही होत होतं. एका दोषाने दोन्ही लक्षणं येतीलच असं नाही. मग दोष दोन तर नसतील?

इथे थोडं मागे जायला हवं. त्रास सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदलला होता. फरक शून्य. पुढे नवी बॅटरी टाकली. तरीही फरक नाही. त्यामुळे "डिझेलची लाइन ओके, करंट ओके" अशा दोन फुल्या मी मनात मारून ठेवल्या होत्या. दोन्ही चुकीच्या होत्या.

मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट. मुलीला चावी फिरवायला सांगितलं (गिअर न्यूट्रलला, चाकांना दगड, आणि मी चाकाच्या पुढे-मागे नाही), तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर 10.8. उत्तम. पण तेच माप सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत घेतलं तर 8.9! जवळपास दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ मारला. तिथे खरं तर जेमतेम पाव व्होल्ट दिसायला हवा. दिसला 1.4.

अर्थची केबल, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जाणारी, वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढला तर खाली तपकिरी पूड, आणि केबलचं टोक शेवाळासारखं हिरवं. टोकाजवळचं रबर थोडं फुगलेलं वाटलं म्हणून ब्लेडने चिरलं. आतल्या तांब्याच्या बारीक तारा चिमटीत धरल्या की तुटत होत्या, निम्म्याहून जास्त तर हिरवी माती झाल्या होत्या. जाड नवीन केबल आणली, जागा घासून लोखंड चकचकीत केलं आणि चासीऐवजी थेट इंजिनवर, सेल्फच्या फाउंडेशन बोल्टलाच बांधली. आवाजच बदलला. आधीचं रडत-रखडत घर्र... घर्र जाऊन सलग, घाईचं फिरणं.

वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा सेकंद सेल्फ मारल्यावर कुठे चालू झाला. आधी तीन-चार वेळा मिळून मिनिटभर लागायचं, त्यामानाने सुधारणा. पण पहिले दहा सेकंद सायलेन्सर कोरडाच. (सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये दोन मिनिटं थांबावं. सेल्फ जाळून बसणं फार सोपं आहे.)

याच सुमारास एकाने इथरचा (चटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे हातात ठेवला. "एक फवारा मार, लगेच उठतो." आमच्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेत, हीटर आहे. तापलेल्या हीटरवर इथर म्हणजे मॅनिफोल्डमध्येच भडका, आणि सिलिंडरमध्ये ते वेळेआधी पेटलं की रिंगा-पिस्टन फुटायचे. डबा परत केला.

मी वहीत रोज सकाळी टिपायला लागलो: किती सेकंद लागले, थंडी कितपत होती, टाकीत डिझेल किती होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी वहीनेच बोट दाखवलं. टाकी भरलेली असली की चार-पाच सेकंद, अर्ध्याच्या खाली गेली की पंधरा. थंडीचा संबंध त्यामानाने कमी.

फिल्टर आणि डिझेल पंप यांच्यामधली नळी काढून तिथे वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी बसवली. लाइनमधली हवा (एअर) काढून ट्रॅक्टर चालवला. संध्याकाळी बंद करताना नळीत सोनेरी डिझेल काठोकाठ, एक बुडबुडा नाही. सकाळी चावीला हात न लावता आधी नळी बघितली. वरचा बोटभर भाग रिकामा! रात्रीतून कुठूनतरी हवा आत शिरत होती आणि डिझेल मागे टाकीकडे ओसरत होतं. टाकी भरलेली असताना तिची पातळी फिल्टरच्या वर असते, त्यामुळे फटीतून डिझेल हळूहळू बाहेर झिरपतं. पातळी खाली गेली की त्याच फटीतून हवा आत.

फट शोधायला टाकी गच्च भरली, फिल्टरचा माथा फडक्याने कोरडा पुसला आणि खडूची पूड भुरभुरवली. तासाभराने एका बोल्टभोवती चंद्रकोरीएवढा ओला डाग. पाना लावून बोल्ट काढला. तांब्याचं वायसर (वॉशर) जुनंच, कडक झालेलं, एका कडेला चर पडलेला. ते मीच परत बसवलं होतं, फिल्टर बदलताना. नव्या फिल्टरच्या खोक्यात नवी वायसरं आली होती, ती माझ्या डब्यात तशीच सापडली. म्हणजे मुळात बिघाड एकच होता, अर्थचा. तो शोधता शोधता दुसरा मी घातला, आणि नवी बॅटरी आणली तोवर दोघे एकमेकांना झाकून बसले होते.

बोल्टच्या दोन्ही बाजूंची वायसरं बदलली, बोल्ट बेताने आवळला. मग एअर काढणं. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) हाताची कळ मारायची, फेस येतो तोवर मारत राहायची, नितळ डिझेल आलं की स्क्रू बंद. कळ नुसतीच ढिली हलत असेल तर पंप बिघडलाच असेल असं नाही. बहुधा आतला कॅम (पंप हलवणारा उंचवटा) वर अडकलेला असतो, इंजिन थोडं फिरवलं की कळीला जोर येतो. मी यात पूर्वी एकदा चांगला फीड पंप खोलून बसलो होतो. त्यानंतर डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी दोन नोझलच्या पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारला, डिझेल थुंकायला लागलं की आवळले. तिथे हात किंवा तोंड जवळ न्यायचं नाही. त्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

टाकी मुद्दाम अर्ध्याखाली ठेवली. सकाळी नळी काठोकाठ भरलेली. हीटर दिला, सेल्फ मारला, तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला पांढरा झोत आला आणि लगेच धडधड सुरू.

आठवडाभर रोज नळी बघून खात्री केल्यावर ती काढून नेहमीची रबरी नळी घातली, कारण इंजिनच्या उष्णतेने पारदर्शक नळी कडक व्हायला लागली होती. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) बघायचे राहिलेत, तेही करेन. ट्रॅक्टर आता शेडमध्ये असतो. पहिल्या दिवशी मात्र तो आत घ्यायला जागाच नव्हती. वर्षभरात तिथे इतकं सामान साठलं होतं की ते काढण्यातच अर्धा दिवस गेला.