निक्सओएस राउटर: नियम जागेवर होता, क्रम मात्र बदलला होता

निक्सओएस (सगळी मांडणी कॉन्फिग फाइलींत लिहायची लिनक्स प्रणाली) चालवणाऱ्या माझ्या राउटरची एकच लांब कॉन्फिग फाइल वॅन (इंटरनेटची बाजू), लॅन (घरची बाजू) आणि फायरवॉल अशा तीन मॉड्यूलांत विभागल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. त्याच संध्याकाळपासून घरातल्या उपकरणांवर काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थांबू लागली. पिंग सुरळीत होते, डीएनएस उत्तरे देत होते आणि खुद्द राउटरवरून कर्ल या कमांडने तीच पाने विनातक्रार उतरत होती.

या शेवटच्या लक्षणावरून पीपीपीओईचा, म्हणजे सेवादात्याशी जोडणी करण्याच्या पद्धतीचा, संशय आला. पीपीपीओई प्रत्येक फ्रेममधले ८ बाइट घेते, त्यामुळे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ उरतो. राउटरला हे ठाऊक असल्याने तो आयपीव्ही४ वर १४५२ एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) सांगतो. लॅपटॉपला मात्र आपल्या बाजूचे १५००च दिसतात आणि तो १४६० सांगतो. त्यानुसार सर्व्हर मोठी पॅकेट पाठवतो, आणि ती मावत नसल्याचा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप वाटेतल्या फायरवॉलने टाकून दिला, की जोडणी तिथेच अडकते. यावरचा एमएसएस क्लॅम्पिंगचा, म्हणजे जाणाऱ्या पॅकेटमधला एमएसएस राउटरनेच कमी करण्याचा, नियम मी पहिल्याच आठवड्यात लिहिला होता आणि तो फाइलमध्ये होताही. म्हणूनच दोन रात्री मी मॉडेम आणि केबल तपासण्यात घालवल्या.

बूट मेनूतून विभाजनापूर्वीची जनरेशन, म्हणजे प्रणालीची साठवलेली जुनी आवृत्ती, निवडली आणि सगळी संकेतस्थळे उघडली. दोन्ही जनरेशनच्या पॅकेजांत काहीच फरक नव्हता. पण दोन्हींचा चालू रूलसेट (फायरवॉलचे सगळे नियम) उतरवून डिफ लावला, म्हणजे फरक काढला, तेव्हा एक ओळ हललेली दिसली. 'लाइन्स' प्रकारच्या, म्हणजे ओळींचा मजकूर घेणाऱ्या, पर्यायात निक्स निरनिराळ्या मॉड्यूलांतला मजकूर जोडते, आणि प्राधान्य समान असल्यास त्याचा क्रम इम्पोर्ट्सच्या (मॉड्यूलांच्या यादीच्या) मांडणीवर ठरतो. त्यामुळे क्लॅम्पिंगची ओळ लॅनकडून वॅनकडे जाणारी पॅकेट सोडणाऱ्या ॲक्सेप्ट नियमाच्या खाली गेली होती, आणि ॲक्सेप्ट लागल्यावर त्या चेनमधले (नियमांच्या यादीतले) पुढचे नियम पाहिलेच जात नाहीत. खात्रीसाठी नियमाला काउंटर (नियम किती पॅकेटना लागला ते मोजणारा) जोडला. तो शून्यावरून हलला नाही. दोन रात्रींनंतर ते शून्य पाहून मला मनापासून आनंद झाला. टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारे साधन) उघडण्याआधी काउंटर लावावा, असे माझे आता ठाम मत आहे. बिल्डच्या वेळची रूलसेट तपासणी इथे उपयोगी पडत नाही, कारण क्रम चुकलेला रूलसेटही व्याकरणाने शुद्धच असतो.

आधी एमकेबिफोर (मजकूर इतरांच्या आधी ठेवणारे निक्सचे फंक्शन) लावून ओळ वर आणली आणि काम चालू झाले. परंतु उद्या दुसऱ्या मॉड्यूलनेही एमकेबिफोर वापरले, तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून क्लॅम्पिंगला फॉरवर्ड हुकवर (राउटरमधून पुढे जाणारी पॅकेट जिथे तपासली जातात त्या टप्प्यावर) स्वतंत्र बेस चेन दिली आणि तिचे प्राधान्य मँगल, म्हणजे −१५० ठेवले. लहान आकड्याची चेन आधी चालते आणि फिल्टर चेन ० वर असल्याने फाइली कशाही जोडल्या गेल्या तरी क्लॅम्पिंग आधीच होते. लॅपटॉपचे सिन (जोडणी सुरू करणारे) पॅकेट आता वॅनवर १४५२ घेऊन बाहेर पडते.

या आठवड्यात फ्लोटेबल (सुरू असलेल्या जोडण्यांची पॅकेट जलद मार्गाने पुढे पाठवणारी सोय) सुरू करणार होतो, ते पुढे ढकलले आहे. त्याआधी निक्सओएसच्या व्हीएम टेस्टमध्ये (आभासी यंत्रांवरच्या चाचणीत) सेवादाता, राउटर आणि लॅपटॉप असे तीन नोड उभे करायचे आहेत. हे लिहितानाच सुचले, की आयसीएमपी टाकून देणारा चौथा नोड मध्ये ठेवला तर हाच बिघाड नवी कॉन्फिग राउटरवर लागू (स्विच) करण्याआधी पकडता येईल. त्यामुळे सुरुवात त्या नोडपासूनच करतो.