तांबूच्या पाठीवरचे दोन कोरडे डाग

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका अश्वारोहण वर्गात मी मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. पावसाळ्यात मैदानात चिखल होत असल्यामुळे वर्ग बंद असतात आणि त्या चार महिन्यांत तांबू हा आमचा १२२ सेंटिमीटर उंचीचा तट्टू हिरव्या गवतावर मनसोक्त चरतो.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या रविवारी अकरा वर्षांच्या एका मुलीला मी त्याच्यावर बसवले. तिच्या घरची माणसे शिगम्यात घोडेमोडणी नाचतात; त्यात कमरेला बांधलेला खोटा घोडा नाचणाऱ्याच्याच पायांनी चालतो, त्यामुळे घोडा आपल्या मनाने थांबतो याचे तिला फार नवल वाटले. सावकाश चालताना तांबू ठीक होता, पण त्याहून वेगाची दुडकी चाल मागितली की तो चारही पाय रोवून उभा राही, कान मागे पाडी आणि शेपटी झटके.

मी टाचा दाबायला सांगितले. तिने टाचा दाबल्या, पण भीतीने दोन्ही लगामही ओढून धरले. टाचेने ‘चल’ म्हणायचे आणि लगामाने ‘थांब’, हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा. म्हणून लगाम सैल करून त्याची मान एका बाजूला वळवायला शिकवले, कारण मान वळली की तोल सावरण्यासाठी घोड्याला पाऊल उचलावे लागते आणि रोवलेले पाय सुटतात. दोनदा ते साधले; तिसऱ्यांदा तो हललाच नाही. तेव्हा मी तिच्या हातात छडी दिली, आणि ती मी द्यायला नको होती. छडी लागताच तांबूने मागचे पाय उडवले आणि ती वाळूत घसरली. तिला लागले नव्हते. उठता उठता ती म्हणाली, “सर, त्याला काहीतरी दुखतंय. तंग आवळताना तो चावायला आला होता.”

तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. त्याचे ते चावायला येणे मीही पाहिले होते आणि खोड म्हणून सोडून दिले होते. अडेलतट्टू हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की तट्टू अडला तर कारण शोधण्याची गरजच मला वाटली नव्हती.

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांनी खोगीर उतरवले. दमट उकाड्यात तांबूची पाठ घामाने निथळत होती, मात्र खांद्यांच्या हाडांमागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन डाग कोरडे होते. खोगीर टेकतच नसेल तरी जागा कोरडी राहते आणि फार दाबत असेल तरीही. म्हणून मी तिथे बोटांनी हलके दाबून पाहिले. तांबूने पाठ खाली ओढून घेतली. चार महिन्यांत तो अंगाने भरला होता आणि उन्हाळ्यात नीट बसणारा खोगिराचा सांगाडा आता त्याला चिमट्यासारखा धरत होता. दुडकीत स्वाराचे वजन दर पावलाला वरखाली होते, म्हणून तो नेमका तिथेच अडत होता. सततच्या दाबाने पुढे उगवणारे पांढरे केस मात्र अजून दिसत नव्हते.

तीन आठवडे खोगीर बंद ठेवले. मुलगी दर रविवारी येऊन खरारा करी, खूर साफ करी आणि त्याला माडांखालून हाताने फिरवी. मग रुंद सांगाड्याचे खोगीर आणले. पहिल्या दिवशी ते उतरवल्यावर तिने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरवला आणि ओला हात मला दाखवला.